एकांडा शिलेदार आणि त्याची बाकी

पाऊस सरला, नद्यांचे पाणी उतरले, की दसऱ्याचे सोने लुटून मराठ्यांचे लष्कर मुलूखगिरीला बाहेर पडत असे, हे आपण सर्वांनी शाळेत शिकलेले आहे. त्या लष्कराची दिवाळी पुष्कळदा घरी होत नसे. ती कुठल्या तरी नदीकाठच्या तळावर, घोड्यांच्या खोगिरांवर बसून होई. भाल्यांची टोके, जरीपटका, नगारे, हे सारे आपल्या डोळ्यांपुढे चटकन उभे राहते. पण त्या भाल्याखालचा माणूस कोणत्या बोलीवर निघाला होता, त्याला कोण किती देणार होते, आणि मोहीम मध्येच मोडली तर त्याने घरी काय घेऊन जायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. पाठ्यपुस्तकात तहाची कलमे असतात. शिलेदाराच्या बोलीची कलमे नसतात.

मी इतिहाससंशोधक नव्हे. शाळेत मुले शिकवावी आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्या, असा माझा धंदा. तेव्हा रुमाल सोडून मोडी कागद वाचणाऱ्या विद्वानांनी या लेखाकडे जरा कानाडोळाच करावा. परंतु सालभर काम मिळेल म्हणून बोलावून घ्यावे आणि चौथ्या महिन्यात 'आता गरज नाही' असे सांगावे, हा अनुभव हल्ली इतक्या घरांतून ऐकू येतो, की त्याची मागची पिढी कोण, हे शोधावेसे वाटले. तासिका तत्त्वावरचे मास्तर, कामापुरते बोलावलेले छायाचित्रकार, भाषांतरकार, मालिकांचे संवाद लिहिणारे. या सर्वांना इंग्रजीत एक शब्द आहे, फ्रीलान्स. लान्स म्हणजे भाला. ज्याचा भाला कोणा एका धन्याचा बांधलेला नाही, तो फ्रीलान्स. हा शब्द रूढ केला तो वॉल्टर स्कॉटने, आपल्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीतून. ती कादंबरी १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. इकडे पुण्यात त्याच १८१९ साली एल्फिन्स्टन साहेब पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा आपला अहवाल लिहून पुरा करीत होते, आणि खरेखुरे भालाइत काम नाही म्हणून गावोगाव बसून होते. विलायतेत शब्द जन्माला आला त्या वर्षी आपल्याकडे त्या शब्दाचा माणूस बेकार झाला होता!

आपल्या भाषेतही त्या माणसाला नाव आहे, आणि ते अधिक नेमके आहे. 'एकांडा शिलेदार' असे आपण कौतुकाने म्हणतो. कोणी एकट्याने संस्था चालवली, एकट्याने कोश रचला, की त्याला आपण ही पदवी देऊन टाकतो. सिलाह म्हणजे हत्यार. हत्यार आणि घोडा ज्याचा स्वतःचा, तो शिलेदार. ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळे तो बारगीर. शिलेदार बहुधा कोणा तरी पथक्याच्या पथकात असत. त्यातही कोणाच्या पथकात न शिरता जो एकटाच आपला घोडा घेऊन येई आणि आपल्या गुणांवर तैनात ठरवून घेई, तो एकांडा. मान त्याला मोठा. पण त्याच्यामागे बोलायला पथक्या नाही, जामीन नाही, भाऊबंद नाहीत.

शिवाजीमहाराजांचा कल बारगिरांकडे होता. सभासदाने आपल्या बखरीत पागेची जी रचना दिली आहे ती पाहण्यासारखी आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदार मिळून जुमला. दहा जुमल्यांवर हजारी. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. घोडा मेला तर तो सरकारचा मेला. स्वार दुसऱ्या घोड्यावर बसे. शिलेदारही होते, पण ते पागेच्या अधीन. मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूची नोंद करायची, परत आल्यावर झाडा घ्यायचा, लुटीचा माल सरकारजमा, आणि ज्याची जी बाकी निघेल ती चुकती करायची, असा दंडक होता. जहागिरी तोडून देण्यापेक्षा रोख वेतन द्यावे, हे महाराजांचे धोरण सर्वश्रुतच आहे. त्यातला मुत्सद्दीपणा इतिहासकार सांगतात तो खराच. पण मला त्यात एक घरगुती शहाणपणही दिसते. ज्या माणसाला पावसाळ्याच्या तोंडी आपला हिशेब चुकता होईल अशी खात्री असते, तो उन्हाळ्यात रयतेच्या दाण्याला हात लावीत नाही.

ही घडी पुढे मोडली. १६८९ नंतर राजाराममहाराज जिंजीला गेले, खजिना रिकामा, मुलूख औरंगजेबाच्या टाचेखाली. अशा वेळी रोख देणार कोठून? जो सरदार आपल्या बळावर मुलूख सोडवील त्याला तो मुलूख, अशी रीत पडली. तिच्यावाचून राज्य तरले नसते, हेही कबूल केले पाहिजे. पुढे पेशवाईत सरंजामाची पद्धत पक्की झाली: अमुक महाल सरदाराने खावा आणि अमुक इतके स्वार चाकरीला हजर ठेवावे. सरदाराने पथक्याला सांगावे, पथक्याने शिलेदार जमवावे. म्हणजे ज्या गावच्या शिलेदाराने पेशव्यांचे तोंडही पाहिले नाही त्याची भाकरी पेशव्यांच्या मर्जीवर अवलंबून, आणि मध्ये तीन दारे! दुसऱ्या बाजीरावाने रास्त्यांचा सरंजाम काढून घेतला तेव्हा दरबारात चर्चा झाली ती रास्त्यांच्या मानापमानाची. रास्त्यांच्या मागे जे घोडे बांधलेले होते त्यांच्या धन्यांचे काय झाले, हे विचारायला कोण गेले असेल?

पेशवाईतला शिलेदार चाकरीला लागे तेव्हा त्याचा आणि त्याच्या घोड्याचा चेहरा लिहून घेत. चेहरा म्हणजे वर्णन: माणसाच्या खुणा, घोड्याचा रंग, वय, किंमत. मग मोहिमेच्या आरंभी नालबंदी मिळे. नावावरून नालांपुरते पैसे वाटतात, पण ती खरी आगाऊ उचल. घर सोडताना बायकोच्या हाती द्यायला, सावकाराचे व्याज भागवायला आणि घोडा उभा करायला. मोहिमेत पोटापुरता रोजमुरा. बाकीचा हिशेब वर्षाअखेर. तो सुद्धा पुष्कळदा रोख नव्हे, तर वरातीने. म्हणजे अमक्या महालाच्या कमाविसदाराने अमक्याला इतके रुपये द्यावे, अशी चिठ्ठी. ती चिठ्ठी घेऊन शिलेदाराने त्या महालापर्यंत घोडा दामटायचा. तेथे पीक बुडालेले असले, किंवा त्याच महालावर आधी दुसऱ्या चार वराती आलेल्या असल्या, म्हणजे झाले. हिशेबनीसाच्या दफ्तरात रक्कम 'दिली' म्हणून मांडली जाई आणि शिलेदाराच्या कमरेच्या कशात चिठ्ठी तेवढी राही.

या साऱ्या कराराची गोम घोड्यात होती. घोडा हे शिलेदाराचे भांडवल, तोच त्याचा मान आणि तोच त्याचा जामीन. घोडा लढाईत पडला तर चेहऱ्यातील किमतीवरून भरपाई मागता येई. पण ती मिळेपर्यंत खायचे काय? आणि तो रोगाने, चाऱ्यावाचून, वाटेतल्या दगदगीने गेला तर सारा तोटा त्याचा. मराठी लष्करात वावरलेल्या युरोपियनांनी नोंदवून ठेवले आहे, की शिलेदार ऐन गर्दीत घोडा घालायला कचरतो. आपल्याकडच्या काही लेखकांना ही नोंद झोंबते; ते तिला परक्यांचा आकस म्हणतात. मला ती नोंद खरी वाटते आणि तीत लाजण्यासारखे काही दिसत नाही. ज्याचा घोडा सरकारी, तो दौडत पुढे जाईल. ज्याच्या घोड्यावर सावकाराचे कर्ज आहे, तो लगाम जरा आवरूनच धरील. आज शहरात स्वतःची मोटारसायकल घेऊन घरोघर जिन्नस पोचवणारी पोरे आपण पाहतो. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचे, पाय मोडला तर पाय त्यांचा, आणि काम मात्र दुसऱ्याचे. भर पावसात एखादा पूल ओलांडायला त्यातल्या एखाद्याने नकार दिला तर आपण त्याला भ्याड म्हणू काय?

आपल्याकडेच असे होते असे कोणी समजू नये. इटलीतली लहान लहान राज्ये चौदाव्या-पंधराव्या शतकांत भाड्याचे सरदार ठेवीत. त्यांच्या कराराला 'कोंदोत्ता' म्हणत. त्या करारात दोन मुदती असत: एक पक्की आणि दुसरी राज्याच्या मर्जीची, म्हणजे गरज वाटली तर पुढे चालू. आगाऊ उचलही असे, थेट आपल्या नालबंदीसारखी. वेनिसच्या आणि फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यांनी रचलेला तो करार, तेव्हा त्यात मुदत स्पष्ट असणारच! आणि जेथे मुदत स्पष्ट नव्हती तेथे काय झाले? १३६० साली फ्रान्स आणि इंग्लंड यांचा ब्रेतिन्यी येथे तह झाला, लढाई थांबली, आणि दोन्हीकडच्या भाडोत्री फौजांना एकाएकी रजा मिळाली. त्या टोळ्यांनी मग फ्रान्सची खेडी लुटून आपली बाकी वसूल केली. तह झाला म्हणून राजांनी घंटा वाजवल्या. खेड्यांना मात्र खरे युद्ध त्या दिवसापासून सुरू झाले.

आपल्याकडे थकलेली बाकी वसूल करण्याचा एक वेगळा मार्ग होता, तो म्हणजे धरणे. आज हा शब्द मोर्चा-मिरवणुकीत गुळगुळीत झाला आहे, पण त्याचा मूळ अर्थ कडक आहे. धनकोने ऋणकोच्या दारात बसावे आणि अन्न सोडावे. दारात उपाशी माणूस बसला असता घरधन्याने जेवायचे नाही, हा संकेत. मग कोणाची भूक आधी हरते तेवढे पाहायचे. ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. त्याने तेथून लिहिलेली पत्रे पुढे छापली गेली. त्यांत या लष्करी धरण्यांची हकीकत आहे. ज्या शिंद्यांच्या नावाने दिल्ली थरथरत असे, त्यांच्याच शिपायांनी त्यांच्याच दारात पगारासाठी धरणे धरावे! ब्रॉटनला ते चमत्कारिक वाटले. पण त्यात एक मर्यादा होती हे विसरता कामा नये. शिपायापाशी तलवार होती आणि तरीही तो उपाशी बसत होता.

मर्यादा सुटली की काय होते, तेही पुण्याने पाहिले. ३० ऑगस्ट १७७३ या दिवशी गारदी शनिवारवाड्यात शिरले ते थकलेल्या पगाराचा तगादा हेच निमित्त करून. त्यामागचे कारस्थान निराळे होते, आणि त्या दिवशी नारायणरावांचे काय झाले ते येथे पुन्हा सांगत नाही. परंतु ते निमित्त कोणाला खोटे वाटले नाही, इतकी पगाराची थकबाकी ही रोजची गोष्ट झाली होती, एवढे ध्यानात घ्यावे. पुढे १७९८ साली दौलतराव शिंद्यांची फौज पुण्यात तळ देऊन होती. बाजीरावाने गादीसाठी कबूल केलेला पैसा देता येईना. फौजेला द्यायला काही नाही. तेव्हा सर्जेराव घाटग्याला पुण्यातून तो पैसा काढण्याची मोकळीक मिळाली. सावकार, कारभारी, पेन्शनीत गेलेले मुत्सद्दी, यांना धरून आणून जे हाल केले गेले त्यांची आठवण पुण्यात पुष्कळ पिढ्या राहिली. करार केला पेशव्याने, मोडला पेशव्याने, आणि दंड भरला बुधवार-शनिवारातल्या घरांनी!

या सर्व गोंधळात एका परक्या माणसाने आपली बाकी कधी थकू दिली नाही. त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. बन्वा द ब्वान्य हा फ्रान्सच्या सीमेवरील सव्हॉय प्रांतातला, १७५१ सालचा जन्म. मराठी कागदांत त्याचे नाव डिबॉईन असे येते. महादजी शिंद्यांसाठी त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या. १७८७ साली लालसोटच्या लढाईनंतर महादजींच्या बाजूच्या हिंदुस्थानी पलटणी पगार थकला म्हणून तोफांसह शत्रूकडे निघून गेल्या, हे त्याने पाहिले होते. पुढे त्याने फौज वाढवायची म्हटली, महादजींना खर्च जड वाटला, तेव्हा तो रुसला नाही की धरण्यालाही बसला नाही. सरळ लखनौला जाऊन व्यापार करू लागला. १७९० साली महादजींनी त्याला परत बोलावले तेव्हा त्याने आपल्या फौजेच्या खर्चासाठी दुआबातला सुपीक मुलूख तोडून मागितला. त्याची वसुली त्याच्याच हाती. म्हणजे वरात घेऊन कमाविसदाराच्या दारी जाणे नको, आणि तीन दारेही नकोत. कंपनी सरकारशी आपण लढणार नाही, ही अटही त्याने आधीच घालून ठेवली. १७९६ साली तो गडगंज पैसा घेऊन हिंदुस्थानातून निघाला. शाँबेरी गावी त्याच्या स्मारकाचे कारंजे आहे. त्याला चार हत्ती आहेत. आमच्या शिलेदारांचे स्मारक मी कोठे पाहिलेले नाही. पण खरे सांगायचे तर दुआबासारखा मुलूख मागण्याची ऐपत त्यांच्यापाशी नव्हती. ज्याच्यावाचून धन्याचे अडते तोच अटी घालू शकतो. बाकीच्यांनी नालबंदी घ्यावी आणि चालू लागावे.

त्याच फौजेतला दुसरा एक मनुष्य मला अधिक जवळचा वाटतो. जेम्स स्किनर, जन्म १७७८. बाप स्कॉटलंडचा, आई रजपूत. मिश्र रक्ताचा म्हणून कंपनीच्या सैन्यात त्याला अधिकारपद मिळण्याची आशा नव्हती. म्हणून तो शिंद्यांच्या चाकरीत शिरला, लढला, जखमी झाला. १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज आणि शिंदे यांचे युद्ध जुंपले. गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढून शिंद्यांकडच्या इंग्रजांना चाकरी सोडून येण्याचे आवाहन केले. तेव्हा शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने इंग्रज रक्ताच्या सर्वांनाच निरोप दिला. स्किनरने विनवले, की मला जायचे नाही, मी येथेच राहतो. पेराँने त्याला सांगितले, की आता विश्वास उरला नाही. आठ वर्षांची चाकरी एका वाक्यात संपली. बापाच्या रक्तामुळे शिंद्यांकडे नकोसा, आईच्या रक्तामुळे कंपनीकडे नकोसा!

दिल्ली इंग्रजांच्या हाती पडल्यावर पेराँच्या घोडदळातले काही स्वार इंग्रजांकडे आले. तुमचा सरदार कोण असावा असे विचारता त्यांनी 'सिकंदर साहेब' म्हणून स्किनरचेच नाव घेतले. जनरल लेकने त्याला ते पथक दिले. स्किनरने अट घातली, की माझ्या जुन्या धन्यावर, शिंद्यांवर, मला पाठवू नये. ज्याने हाकलून दिले त्याच्याविरुद्ध हत्यार न उचलण्याची ही अट वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. पुढे १८०६ साली शांतता झाली, खर्च कमी करण्याचे वारे आले, आणि त्याचे पथक मोडण्याचा हुकूम झाला. गरज सरो, वैद्य मरो! थोड्याच वर्षांत पुन्हा गरज पडली. पुन्हा तोच स्किनर, तेच पिवळ्या अंगरख्याचे स्वार. त्या रिसाल्याचे नाव भारतीय सैन्यात आजही आहे.

आता १८१८ कडे वळू. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, १७ तारखेला पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले, बाजीराव पुढे आणि इंग्रजी फौज मागे अशी पळापळ सुरू झाली. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. राज्य घेतले ते कसे आणि का, हे त्यात आहेच. पण शिलेदाराच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम एकच होते. बाजीरावाच्या चाकरीत जे कोणी असतील त्यांनी दोन महिन्यांत चाकरी सोडून आपापल्या घरी जावे. न गेल्यास वतन जप्त. किती साधे कलम, आणि किती अचूक! एल्फिन्स्टनला ठाऊक होते की मराठी स्वाराचा एक पाय रिकिबीत असला तरी दुसरा पाय गावच्या काळ्या जमिनीत रुतलेला आहे. त्याने घोड्याला हात लावला नाही, शेताला लावला. लोक पांगू लागले. यात स्वामिद्रोह पाहणाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा: त्या पळापळीत त्यांना रोजमुरा तरी कोण देत होते?

ज्यांचे शेत नव्हते ते मात्र गेले नाहीत. बाजीरावाच्या अखेरच्या तळावर अरब राहिले होते. अरबांना देशी शिपायांपेक्षा वेतन जास्त असे. त्यांचे घर समुद्रापलीकडे, तेव्हा वतनजप्तीची धमकी त्यांना काय करणार? ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. सालीना आठ लक्षांची नेमणूक आणि ब्रह्मावर्ताचा वास ठरला. स्वारी उत्तरेकडे चालली असता या अरबांनी त्याच्या तंबूला गराडा घातला. त्यांचे म्हणणे होते, की आमची बाकी द्या, मग जा. भांडण रकमेचे नव्हते, तारखेचे होते. या अरबांना त्रिंबकजी डेंगळ्याने चाकरीला ठेवले होते. बाजीरावाचे म्हणणे, की माझ्या निशाणाखाली तुम्ही आलात त्या दिवसापासूनचा पगार मी देईन. अरबांचे म्हणणे, की त्रिंबकजीने आम्हांला ठेवले त्या दिवसापासूनचा हवा. कालपर्यंतचा हिंदवी साम्राज्याचा मुख्य प्रधान तंबूत अडकलेला, आणि बाहेर वाद चाललेला की करार कोणत्या दिवशी सुरू झाला! शेवटी माल्कमने मध्ये पडून तोड काढली, तेव्हा गराडा उठला.

हा प्रसंग मी प्रथम वाचला तेव्हा मला हसू आले, कारण या वादाची चव मी घेतलेली आहे. एका साप्ताहिकाने माझ्याकडून क्रमशः कादंबरी मागवली होती. पंचवीस प्रकरणांची बोली. मी मास्तर माणूस, उन्हाळ्याच्या सुटीत सारी लिहून काढली. सोळाव्या प्रकरणानंतर साप्ताहिकाचे धोरण बदलले आणि कादंबरी थांबली. नायिका त्या वेळी कोकणात जाणाऱ्या बोटीवर होती. ती अद्याप उतरलेली नाही. त्यांचे म्हणणे, छापले त्याचे पैसे. माझे म्हणणे, लिहिले त्याचे. माझ्यापाशी तंबूला गराडा घालण्याइतके अरब नव्हते, म्हणून सोळा प्रकरणांवर तडजोड झाली. असो.

पेंढाऱ्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. त्यांना पगार असा नव्हताच. लुटीचा परवाना हाच पगार. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी करीमखानाला शरण आल्यावर गोरखपुराकडे जमीन मिळाली. चितूला काहीच नको होते की काही मिळाले नाही, कोण जाणे; तो रानोमाळ हिंडत राहिला आणि १८१९ साली अशीरगडाजवळच्या जंगलात वाघाने त्याला मारले. होळकरांकडचा अमीरखान पठाण सर्वांत शहाणा. त्याने १८१७ च्या नोव्हेंबरातच तह करून फौज मोडण्याचे कबूल केले आणि टोंकची नबाबी पदरात पाडून घेतली. पुढाऱ्यांची अशी सोय लागली. मागच्या हजारोंची नावे कोणी लिहिली नाहीत.

आपले शिलेदार कोठे गेले? काही पुणे हॉर्समध्ये गेले. १८१७ च्या जूनच्या तहान्वये पेशव्यांच्याच मुलखाच्या उत्पन्नातून इंग्रजांनी हे घोडदळ उभे करायला घेतले होते. काही बडोद्याला, काही ग्वाल्हेरला, जेथे अजून मराठी राज्य होते तेथे गेले. त्यांच्या मुलानातवंडांना तोच अनुभव पुन्हा आला. १८४४ साली ग्वाल्हेरची फौज कमी करण्यात आली, १८५४ साली नागपूर आणि झांशी खालसा झाली. उरलेल्यांनी घोडा विकला, बैल घेतला. घोड्याला गिऱ्हाईक तरी कसे मिळाले असेल? ज्या वर्षी सारेच विकायला निघतात त्या वर्षी घेणारा कोण! आणि घोडा विकल्यावर त्या घरातल्या बाईने पागेची जागा शेणाने सारवून तेथे उखळ मांडले असेल, तेव्हा त्या घराला बरे वाटले की वाईट, हे मी कादंबरीकार असूनही ठरवू शकलेलो नाही. घरचा माणूस आता दसऱ्याला जाणार नव्हता, हेही खरेच.

शिलेदारी मात्र एवढ्याने संपली नाही, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्रजांनी आपल्या हिंदी घोडदळात हीच पद्धत 'सिलेदारी' या नावानेच चालू ठेवली. स्किनरचे स्वार त्याच पद्धतीचे. स्वाराने आपला घोडा आणि सरंजाम आणावा, सरकारने त्याला जास्त पगार द्यावा. हळूहळू तिच्यात एक सुधारणा झाली. भरती होताना स्वाराने रिसाल्यात ठराविक रक्कम भरायची. तिला असामी म्हणत. त्या रकमेतून रिसालाच त्याला घोडा देई. चाकरी सुटली, मग ती कोणत्याही कारणाने सुटो, की असामीची रक्कम त्याला परत मिळे. पेशवाईतल्या शिलेदाराला जे कधी मिळाले नाही ते हे: काम संपल्या दिवशी हातात पडणारा रोख पैसा, आणि त्यासाठी कोणाच्या दारात उपाशी बसायला नको. बापाची असामी मुलाकडे जाई. खेड्यापाड्यांतून असामीसाठी उमेदवार वाट पाहत असत.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि हे रिसाले फ्रान्समध्ये, मेसोपोटेमियात जाऊन पडले. तेथे घोडे असे मरू लागले की कोणत्याही रिसाल्याच्या पेटीतून नवे घोडे पुरवणे शक्य होईना. स्वाराने आपला घोडा आणावा म्हटले तर आणावा कोठून? मग सरकारच घोडे देऊ लागले. युद्धानंतर, १९२१ च्या सुमारास, सिलेदारी पद्धत रद्द झाली, आणि घोडा, खोगीर, हत्यार सारे सरकारचे झाले. अडीचशे वर्षांनी पुन्हा सारे बारगीर.